जुन्या फिएटचा वॉटर पंप नवीन शाफ्ट टाकूनही परत गळतोय? आधी हे बघा

लक्षणं बहुतेकांची सारखीच. पंप उघडून झालेला असतो, लेथवर नवीन शाफ्ट, म्हणजे पंपाचा फिरणारा दांडा, मारून घेतलेला असतो, पाणी अडवणारं सील नवीन, बेअरिंग नवीन, थोडे दिवस सगळं झकास आणि मग एका सकाळी गाडीखाली ओला डाग. मालक म्हणतो सील डुप्लिकेट निघालं, लेथवाला टर्नर म्हणतो फिटरने ठोकून बसवलं, फिटर म्हणतो शाफ्टच आऊट मारतोय, म्हणजे फिरताना डुलतोय. तिघांपैकी कुणीही बरोबर असू शकतो, म्हणून कुणावर डाफरायच्या आधी यातलं नेमकं काय होतंय ते बघून घ्या:

- पंपाच्या पोटाखाली एक बारीक भोक असतं, वीप होल म्हणतात, त्यातून थेंब पडतायत किंवा हाऊसिंगवर पांढरट नाहीतर गंजाची तांबडी रेघ उमटलीय.
- थंड गाडी गळते, गरम झाली की थांबते.
- आयडलला पुढून गुरगुर येते, बेल्ट काढला की आवाज गायब.
- फॅन फिरताना झोल खातो, समोर उभं राहून बघितलं तरी कळतं.
- रेडिएटरमध्ये दर दोन दिवसांनी पाणी घालावं लागतं पण जमिनीवर डाग मात्र नाही.

टेंपरेचरची सुई कुठे चढते तेही लिहून ठेवा. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात ट्रॅफिकमध्ये अडकल्यावर चढते आणि मोकळ्या रस्त्यावर खाली येते, तर संशय फॅन आणि हवेवर. ट्रॅफिकमध्ये ठीक पण चोर्ला किंवा अनमोड घाट चढताना चढते, तर पाणीच नीट फिरत नाहीये, मग पंपाचा इम्पेलर (पाणी ढकलणारं पात्यांचं चाक) किंवा चोंदलेला रेडिएटर. या एका गोष्टीवरून अर्धं काम कमी होतं.

मी जास्त करून फिएट ११०० आणि पद्मिनीबद्दल बोलतोय, १०८९ सीसीचं इंजिन, लोखंडी ब्लॉक आणि अॅल्युमिनियमचं हेड. पण १९६१ च्या आधी गोव्यात उतरलेल्या ज्या युरोपियन गाड्या अजून कुणाकुणाच्या अंगणात आहेत त्यांनाही यातलं बरंचसं लागू होतं, उलट त्यांना जास्तच, कारण त्यांचा पार्ट दुकानात मिळतच नाही, करूनच घ्यावा लागतो. पद्मिनीचाही दिवसेंदिवस तोच प्रकार होत चाललाय. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या पद्मिनी ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून गेल्या, टॅक्सीच नाहीत तर त्यांचे पार्ट कोण कशाला भरून ठेवेल. कुर्ल्याला जाऊन जे मिळतं त्यात जुना स्टॉक कुठला आणि काल ओतलेला कुठला हे ओळखायला डोळा लागतो.

फुकटातलं आधी

पाणी खरंच पंपातून येतंय का हे बघा. हसू नका, माझ्याकडे 'पंप गेला' म्हणून आलेल्या कित्येक गाड्यांचा पंप ठणठणीत होता. वरच्या होजच्या क्लँपमधून पाणी झिरपतं, फॅनचा वारा ते मागे उडवतो, ते हाऊसिंगवरून ओघळत वीप होलच्या तोंडाशी येऊन थेंब धरतं आणि आपण पंप खोलायला बसतो. इंजिन थंड असताना सगळा भाग पुसून कोरडा करा, साधा खडू पाण्यात कालवून ब्रशने होजच्या टोकांना, गॅस्केटच्या सांध्याला आणि वीप होलच्या आजूबाजूला लावा, वाळू द्या. मग गाडी गरम होईपर्यंत चालू ठेवा, बंद करा आणि टॉर्च मारून बघा. पांढऱ्यावर ओली रेघ जिथून सुरू होते ती जागा. रेघ वीप होलमधूनच सुरू होत असेल तर पंप, नाहीतर क्लँप आवळा आणि हे सगळं वाचायचं सोडून द्या.

गरम इंजिनवर रेडिएटरचं झाकण उघडायचं नाही, फडकं धरूनसुद्धा नाही. आणि फॅनजवळ हात घालण्याआधी बॅटरीची वायर काढायची.

वीप होल एम-सीलने बुजवलेलं बघितलंय मी, एकदा नाही अनेकदा. ते भोक तिथे मुद्दाम ठेवलेलं असतं, सीलमधून झिरपलेलं पाणी बेअरिंगपर्यंत न जाता बाहेर पडावं म्हणून. बुजवलंत की गळती दिसायची थांबते आणि तेच पाणी बेअरिंगच्या ग्रीसमध्ये शिरतं, मग पुढे बेअरिंग जाम होतं, बेल्ट तुटतो आणि नशीब फारच वाईट असेल तर झोल खाणारा फॅन रेडिएटरमध्ये घुसतो. बुजवलेलं असेल तर आधी टोकरून मोकळं करा.

बेल्ट आणि फॅन

पंप परत परत जातो त्याचं सगळ्यात मोठं कारण माझ्या मते हेच, आणि याला पैसे लागत नाहीत. बेल्ट चिरकतो म्हणून पोरगं डायनॅमो पहारीने ओढून बेल्ट तारेसारखा ताणतं. तो ताण सगळा पंपाच्या पुढच्या बेअरिंगवर येतो, बेअरिंग सैल होतं, शाफ्टचं मागचं टोक डगमगतं आणि सील बसलेलं असतं नेमकं त्या टोकाकडे. सील गळतं, आपण सील बदलतो, बेल्ट परत तसाच ताणतो. दोन पुलींच्या मधोमध अंगठ्याने दाबल्यावर बेल्ट साधारण दहा ते पंधरा मिलिमीटर आत जायला हवा. चिरकत असेल तर बेल्टवर तेल आहे का, पुलीची खाच झिजून गुळगुळीत चमकते आहे का ते बघा, ताणून ते बरं होत नाही. सरळ पट्टी लावून पुली एका रेषेत आहेत का तेही बघा, लेथवर केलेल्या शाफ्टची लांबी दोन मिलिमीटरने चुकली तरी पुली पुढेमागे होते.

मग फॅन. बॅटरी काढलेली आहे ना? फॅन दोन्ही हातांनी धरून पुढेमागे आणि वरखाली हलवा. हाताला कळेल एवढा प्ले, म्हणजे ढिलेपणा, असेल तर पंप खाली उतरवायचाच, आता वाद नाही. प्ले नसेल तर रेडिएटरच्या चौकटीला एक तार बांधा, तिचं टोक एका पात्याच्या टोकाशी आणा आणि फॅन हाताने फिरवत प्रत्येक पातं तारेपासून किती लांब जातं ते बघा. एखादं पातं वेगळं जात असेल तर ते वाकलंय, आणि वाकलेला फॅन म्हणजे बॅलन्स गेलेला फॅन, नवीन बेअरिंगचं आयुष्य तो महिन्यांवर आणतो. पात्याच्या मुळाशी रिव्हेटजवळ बारीक तडा दिसला तर वेल्डिंग करू नका, फॅनच बदला, तुटलेलं पातं बॉनेट फाडून बाहेर येतं.

झाकण आणि पाणी

रेडिएटरचं झाकण स्वस्त म्हणून लोक कुठलंही लावतात. जुन्या सिस्टिम कमी प्रेशरच्या, कितीतरी ठिकाणी ४ ते ७ पीएसआय, आणि आजच्या गाड्यांची झाकणं १३-१५ ची. एक पीएसआय वाढला की पाणी साधारण दीड डिग्री उशिरा उकळतं, त्यामुळे मोठं झाकण लावलं की गाडी उकळत नाही आणि मालक खूष, पण तेच प्रेशर जुन्या सीलवर, जुन्या होजवर आणि रेडिएटरच्या सोल्डर केलेल्या सांध्यांवर येतं. तुमच्या मॅन्युअलमध्ये जो आकडा आहे तेच झाकण लावा.

पाण्याचं म्हणाल तर गोव्यात बर्फ पडत नाही म्हणून कूलंट कशाला असं विचारणारे खूप भेटतात. अहो बर्फासाठी नाही, गंजासाठी. लोखंडी ब्लॉक, अॅल्युमिनियम हेड, तांब्या-पितळेचा रेडिएटर आणि मधे विहिरीचं पाणी, त्यात समुद्राजवळच्या गावातली विहीर असेल तर खारटपणा, म्हणजे इंजिनच्या आत तुम्ही बॅटरीच तयार केली. अॅल्युमिनियम खाल्लं जातं, लोखंडाचा गंज सुटतो, तो बारीक चुरा पाण्याबरोबर फिरून सीलच्या दोन पॉलिश केलेल्या तोंडांमध्ये जाऊन बसतो आणि ती तोंडं ओरबाडतो. नवीन पंप लावायच्या आधी सिस्टिम स्वच्छ पाण्याने उलटी धुवून काढा, पाणी नितळ येईपर्यंत, आणि मग डिस्टिल्ड वॉटरमध्ये तीस ते पन्नास टक्के कूलंट. हे न करता नवीन सील टाकणं म्हणजे पैसे पाण्यात, अगदी शब्दशः.

पावसाळ्यात जूनपासून चार महिने गाडी झाकून ठेवणाऱ्यांसाठी वेगळं सांगतो. उभ्या गाडीत सीलची तोंडं एकमेकांना चिकटतात, शाफ्टवर गंज धरतो आणि चतुर्थीच्या सुमारास गाडी चालू केली की पहिल्याच फेरीत सील ओरखडून निघतं. पंधरवड्यातून एकदा दहा-पंधरा मिनिटं इंजिन चालवा. एवढंच.

पंप उतरवल्यावर

इथून खर्च सुरू. इम्पेलर पुलरनेच काढा, हातोडी मारलीत की बिडाचा इम्पेलर फुटतो आणि मग तोही करून घ्यावा लागतो. काढल्यावर लगेच धुवू नका. सीलच्या तोंडावरची रिंग बघा, सगळीकडे सारखी रुंद आहे का एका बाजूला जाड आणि दुसरीकडे पातळ. सारखी असेल आणि तरी गळत होतं तर घाण किंवा सील नीट दाबलं गेलं नाही. एका बाजूला जाड म्हणजे शाफ्ट तरी वाकडा नाहीतर सीलची बैठक तिरकी.

मग शाफ्ट. व्ही-ब्लॉकवर (व्ही आकाराच्या खाचेच्या ठोकळ्यांवर) ठेवून बेअरिंगच्या जागा टेकवा, सीलच्या जागेवर डायल (बारीक डगमग दाखवणारं घड्याळ) लावा आणि फिरवा. दोन-तीन शतांश मिलिमीटरच्या आत असेल तर मी ठेवतो, त्याच्यापुढे नाही. तुमच्याकडे डायल नसेल तर टर्नरकडे असतो, समोर उभं राहून लावून घ्या, त्याला राग येत नाही.

नवीन शाफ्ट करून घेताना

आपल्याकडे टर्नरकडे गेलं की तो पहिलं म्हणतो 'सँपल हाड पात्रांव', म्हणजे नमुना आणा शेठ. तुम्ही झिजलेला शाफ्ट नेऊन देता, तो बिचारा व्हर्नियर लावून जसाच्या तसा करून देतो, झिजेसकट. बेअरिंगची जागा दोन-तीन शतांशने बारीक झालेली, ती तशीच नव्यातही उतरते, बेअरिंग हाताने सरकत बसतं आणि सगळे म्हणतात वा काय फिटिंग. ते फिटिंग नाही, तीच गळती परत विकत घेतलीय तुम्ही.

माप शाफ्टवरून घ्यायचं नाही, बेअरिंगवरून घ्यायचं. बेअरिंगवर नंबर असतो. समजा ६२०२ आहे, तर आतलं भोक १५, बाहेरचा व्यास ३५, जाडी ११ मिलिमीटर, जगात कुठेही. ६२०३ असेल तर १७, ४०, १२. मग १५ च्या बेअरिंगला शाफ्ट के६ फिटिंगचा, म्हणजे १५.००१ ते १५.०१२ च्या मधे. हे व्हर्नियरने मोजता येत नाही, मायक्रोमीटर लागतो, आणि टर्नरकडे मायक्रोमीटर नसेल किंवा तो ड्रॉवरच्या तळातून धूळ झटकत काढत असेल तर दुसरा टर्नर शोधा. बेअरिंग सोडून बाकीच्या जागांचं माप शाफ्टच्या न झिजलेल्या भागावरून, बैठकीच्या अगदी कडेला जिथे काहीच घासलं नाही तिथून.

काही पंपांत शाफ्ट आणि बेअरिंग एकच असतं, बेअरिंगला आतली रिंगच नसते, गोळ्या सरळ शाफ्टवर पळतात. तसं असेल तर लेथचा विचारच सोडा, तो शाफ्ट हार्डन करून ग्राइंड केलेला असतो. बाहेरचा व्यास, शाफ्टचा व्यास आणि लांब्या लिहून घ्या आणि वॉटर पंप बेअरिंग म्हणून बेअरिंगच्या दुकानात विचारा. ३० बाहेर आणि १५.९१८ शाफ्ट ही सर्रास चालणारी साइज आहे, अनेकदा तीच निघते आणि फक्त लांबी कापायला लागते, तीही ग्राइंडरने, पाणी मारत मारत.

मटेरियल. ईएन८ हे साधं स्टील सगळीकडे मिळतं, मशीनिंगला सोपं, पण पाण्यात गंजतं, आणि सीलखाली गंजाचा खड्डा पडला की संपलं. गोव्यात एक फायदा आहे, ट्रॉलर आणि बार्जची कामं करणारी वर्कशॉप आहेत, मालीम जेटी, वास्को, कुटबणच्या बाजूला, त्या लोकांना स्टेनलेस आणि गनमेटल रोजचं. पण ते हाताला लागेल तो ३०४ किंवा ३१६ चा बार काढतात. गंजणार नाही हे खरं, पण मऊ असतो, प्रेस करताना चिकटून ओरखडतो आणि दोरीच्या ग्लँडचा (सीलऐवजी दोरीचं पॅकिंग भरलेला) जुना पंप असेल तर पॅकिंग त्याला घासून खाचा पाडतं. मी ४१० किंवा ४३१ हे कडक स्टेनलेस मागतो. मिळायला वेळ लागतो, लागू दे.

लेथवर दोन गोष्टी सांगायच्याच. पहिली, शाफ्ट दोन्ही टोकांना सेंटर मारून सेंटरमध्ये धरायचा आणि सगळे व्यास एकाच धरणीत काढायचे. तीन जबड्यांच्या चकमध्ये अर्धा करून उलटा धरला की दोन अर्ध्यांचा मध्य जुळत नाही, आणि मग तोच गाडीखालचा ओला डाग. दुसरी, रबरी ओठाचं सील किंवा दोरीचं पॅकिंग जिथे शाफ्टला घासतं तिथे टूलच्या आट्यांसारख्या खुणा राहू द्यायच्या नाहीत. डोळ्याला गुळगुळीत दिसतं, पण नखाने हलकेच ओढून बघा, बारीक चढ-उतार लागतात, आणि त्या खुणा स्क्रूसारख्या पाणी बाहेर ढकलतात. ग्राइंडिंग करून घ्या, नसेल जमत तर एमरी पट्टी एकाच जागी धरून, शाफ्टच्या लांबीवर न सरकवता.

इम्पेलर फुटला असेल आणि ओतून घ्यायचा असेल तर फाउंड्रीसाठी बेळगाव किंवा कोल्हापूर. तिथे जुना इम्पेलरच पॅटर्न म्हणून वाळूत दाबला तर ओतलेला तुकडा लहान येतो, कारण धातू थंड होताना आकसतो, बीड साधारण एक टक्का, गनमेटल दीडच्या आसपास. म्हणून पॅटर्न तेवढा मोठा करायला सांगा आणि मशीनिंगला वर आणखी दोन मिलिमीटर. पात्यांची दिशा कागदावर बाणाने काढून द्या. उलट्या पात्यांचा इम्पेलर हातात आलेला माणूस मला माहीत आहे, घाट चढताना गाडी उकळायची आणि बिचारा रेडिएटर बदलत बसला होता.

बसवताना: इम्पेलर प्रेस करताना शाफ्टच्या दुसऱ्या टोकाला खालून आधार द्या. हाऊसिंगवर टेकवून दाबलं की सगळा जोर बेअरिंगच्या गोळ्यांमधून जातो, त्या रेसवर (गोळ्या पळतात त्या खाचेवर) खळगे पाडतात आणि नवीन बेअरिंग पहिल्या दिवसापासून गुरगुरतं. इम्पेलर आणि हाऊसिंगमधला गाळा मॅन्युअलमध्ये दिलेला, नसेल तर मी अर्धा ते एक मिलिमीटर ठेवतो. जास्त राहिला की पाणी कमी फिरतं. गॅस्केटला सिलिकॉन अगदी पातळ, आत निघालेला गोळा तुटून रेडिएटरच्या नळ्यांत अडकतो.

इथे थांबा

हाऊसिंगच्या भोकात बेअरिंगची बाहेरची रिंग फिरत असेल, म्हणजे भोकच मोठं झालं असेल, तर पंचने टोचे मारून किंवा लॉकटाइट ओतून भागवू नका. बोरिंग करून स्लीव्ह बसवावी लागते आणि ती दोन्ही बेअरिंगच्या रेषेत यायला हवी, ते बोरिंग मशीनवाल्याचं काम. हाऊसिंगला तडा असेल तर बिडाचं वेल्डिंग येणाऱ्याकडेच जा, आणि दुर्मिळ गाडीचं एकुलतं एक हाऊसिंग असेल तर कुणालाही प्रयोग करायला देऊ नका.

रेडिएटरमध्ये इंजिन चालू असताना बुडबुडे येत राहत असतील, डिपस्टिकवर चहाच्या रंगाचा फेस असेल, किंवा डाग कुठेच नाही आणि पाणी कमी होतंय व सायलेन्सरमधून गरम झाल्यावरही पांढरा धूर येतोय, तर पंप सोडा, हेड गॅस्केट बघायला लावा आणि तोपर्यंत गाडी चालवू नका. एकदा जरी उकळून बंद पडली असेल तर अॅल्युमिनियम हेड सपाट आहे का हे हेडवाल्याकडे सरफेस प्लेटवर तपासून घ्या, घरच्या पट्टीने ते कळत नाही.

शाफ्ट झाला की त्याची सगळी मापं, मटेरियल, बेअरिंगचा नंबर आणि सीलची दाबल्यानंतरची लांबी एका कागदावर लिहून गाडीच्या कागदपत्रांच्या फाईलमध्ये ठेवा. पुढच्या वेळी टर्नरने सँपल मागितलं की तो कागद द्यायचा.